चिरंजीव सध्या खाली बघून चालतात

बर्लिन,
फेब्रुवारीचा दुसरा रविवार

ती. स्व. आई व बाबांना,
सौ. मृणालचा सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर आवाज अगदी खाली आणून तुम्ही विचारलंत, "मिलिंदची नोकरी नीट आहे ना गं?" तेव्हाच मी ओळखलं की फॅमिली ग्रुपवरचे फोटो तुम्ही बघितलेत. नोकरी व्यवस्थित आहे. फोनवर नीट सांगता आलं नाही, कारण तुमचे चिरंजीव समोरच बसून एका मोडक्या छत्रीच्या फोटोचा उजेड कमीजास्त करत होते. ग्रुपवर लिहावं तर शैलाआत्या वाचणार. म्हणून हे कागदी पत्र.

तर, मिलिंद भंगार गोळा करत नाही. भंगाराचे फोटो काढतो. या दोन गोष्टींत फार मोठा फरक आहे असं त्याचं म्हणणं आहे, आणि घर दोन खोल्यांचं असल्यामुळे मलाही तो फरक मानावाच लागतो.

सुरुवात हातमोज्यांनी झाली. इथे थंडीत निम्मं शहर एका हाताने उघडं फिरत असावं, इतके एकेकटे हातमोजे रस्त्यात पडलेले असतात. बसचं तिकीट दाखवायला, फोन उचलायला, मुलाचं नाक पुसायला मोजा काढायचा, बगलेत धरायचा आणि विसरायचा. पण गंमत पुढे आहे. पडलेला मोजा कुणी खिशात घालत नाही आणि कचऱ्यातही टाकत नाही. आमच्या कोपऱ्यावर बालवाडीचं लोखंडी कुंपण आहे, भाल्यासारख्या टोकांचं. परवा एक आजी काठी टेकत आल्या. बर्फात एक लाल, बोटं नसलेला, बाळाचा मोजा पडला होता. आजींनी काठी कुंपणाला टेकवली, कष्टाने वाकल्या, मोजा दोनदा झटकला, आतलं बर्फ बोटाने खरवडून काढलं, एका टोकावर टोपीसारखा चढवला आणि मागे वळूनही न बघता चालू लागल्या. ज्याचा असेल त्याला डोळ्यांच्या उंचीवर दिसावा, एवढाच हेतू. त्या कुंपणावर आता सात-आठ मोजे आहेत. लांबून बघितलं तर वर्गात उत्तर येणारी मुलं हात वर करून बसल्यासारखी दिसतात. मिलिंद रोज हजेरी घेतो.

रेवाला शाळेत सोडायला आम्ही पूर्वी बारा मिनिटांत जायचो. आता बाप-लेक पंधरा मिनिटं आधी निघतात. इथल्या जुन्या फुटपाथांच्या मध्यभागी ग्रॅनाइटच्या रुंद फरश्या असतात आणि दोन्ही बाजूंना सुपारीपेक्षा थोडे मोठे चौकोनी दगड बसवलेले. फरशीवरून घरंगळलेली वस्तू त्या दगडांच्या फटींत जाऊन बसते: बिअरच्या बाटल्यांची झाकणं, कानातलं, स्क्रू, बुद्धिबळातलं एक पांढरं प्यादं. झाकणं तर माणसांच्या पायांनी इतकी रुतून बसलेली असतात, की ती फुटपाथ बांधतानाच घातली असावीत असं वाटतं. चिरंजीव त्यांच्यापुढे गुडघे टेकतात. देवापुढे टेकले असते तर तुम्हाला बरं वाटलं असतं, मला माहीत आहे.

लोक काय म्हणतात, ही तुमची दुसरी काळजी. काही म्हणत नाहीत. या शहरात फुटपाथवर थांबून खाली वाकणारा माणूस नवा नाही. घरांच्या दारांपुढे जमिनीत दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन बसवलेले असतात. नाझींनी ज्यांना त्या घरांतून नेलं त्यांची नावं, जन्मसाल आणि पुढे काय झालं ते त्यांवर कोरलेलं असतं. गुंटर डेमनिग नावाच्या कलावंताने हे काम सुरू केलं, बर्लिनमध्ये पहिले चौकोन १९९६ साली बसले. तिथे मिलिंद फोन खिशात ठेवतो आणि रेवाला नावं मोठ्याने वाचायला लावतो.

उलट, माणसांचे फोटो काढायची खोड त्याला लागली असती तर पंचाईत होती. इथे ज्याचा चेहरा त्याचा हक्क. न विचारता कुणाचा फोटो छापता येत नाही, असा कायदा १९०७ पासून आहे, आणि तो पाठ असलेली माणसं प्रत्येक मजल्यावर राहतात. समोरच्या खिडकीत उशीवर कोपरं टेकून दिवसभर रस्ता बघणाऱ्या एक काकू आहेत. त्यांनी एकदा वरूनच दरडावलं, "कशाचा फोटो काढताय?" मिलिंदने बुटाकडे बोट दाखवलं. एकच होता, डाव्या पायाचा. काकूंनी तो नीट न्याहाळला आणि म्हणाल्या, "काल उजवा होता." तेव्हापासून दोघांचं छान जमतं. त्या वरून बातमी देतात, हा खाली टिपतो.

त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण तो लगेच थोरामोठ्यांची नावं घेतो. हानोव्हरचा कुर्ट श्विटर्स म्हणे पहिल्या महायुद्धानंतर ट्रामची तिकिटं, वेष्टनं, लाकडाचे तुकडे चिकटवून चित्रं करायचा, आणि आज ती संग्रहालयांत आहेत. न्यूयॉर्कचा अर्व्हिंग पेन 'व्होग'साठी बड्या लोकांचे आणि उंची कपड्यांचे फोटो काढायचा. त्याने १९७२ मध्ये रस्त्यावरची सिगारेटची थोटकं स्टुडिओत आणून त्यांचे फोटो काढले, प्लॅटिनमच्या क्षारांनी छापले, आणि १९७५ मध्ये ते न्यूयॉर्कच्या 'मोमा' संग्रहालयात लागले. मी हे सगळं शोधून वाचलं. त्यात मला मिळालेली माहिती अशी, की या पेनची बायको लिसा फॉन्साग्रीव्ह्ज ही एके काळची सगळ्यात नावाजलेली मॉडेल होती. घरी एवढं रूप असताना माणूस थोटकं टिपत होता. तेव्हापासून मी निश्चिंत आहे. दोष बायकोत नसतो.

रेवाचं लक्ष मात्र कलेपेक्षा कायद्यात. इथे दहा युरोपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर कळवणं भाग आहे. शहराचं हरवलेल्या वस्तूंचं मुख्य कार्यालय आमच्यापासून जवळच, टेम्पलहोफच्या जुन्या विमानतळाच्या इमारतीत आहे. विमानं २००८ मध्ये बंद झाली, आता तिथे छत्र्या उतरतात. मालक सापडला तर शोधणाऱ्याला पाचशे युरोपर्यंत पाच टक्के आणि त्यावरच्या रकमेवर तीन टक्के बक्षीस, हे कायद्यातच लिहिलंय. सहा महिन्यांत कुणी आलं नाही तर वस्तू आपली. रेवाचं टक्केवारीचं गणित यामुळे फार सुधारलं. पण तिला आतापर्यंत सापडलं काय, तर एक चोखणी आणि अर्धा जिराफ.

आता फेकलेल्या वस्तूंकडे येते, कारण खरी मौज तिथे आहे. जानेवारीत सगळा नाताळ रस्त्यावर येतो. घराघरांतली सूचिपर्णी झाडं फुटपाथवर आडवी पडतात, नगरपालिकेच्या नारिंगी गाड्या ती गोळा करतात. (दुकानांत विकली न गेलेली ताजी झाडं प्राणिसंग्रहालयात हत्तींना खाऊ म्हणून जातात. हे बाबांना नक्की सांगा.) आणि वर्षभर दाराबाहेर खोकी. खोक्यावर लिहिलेलं असतं 'त्सू फेर्शेंकन', म्हणजे फुकट आहे, न्या. आत बशा, कोडी, एक स्की बूट, 'स्पॅनिश शिका' पुस्तक, ज्याची पहिली वीस पानंच मळलेली. विजेची वस्तू असेल तर 'चालू आहे' अशी चिठ्ठी. ही पद्धत नियमात बसत नाही, मोठं सामान पालिकेच्या केंद्रावर नेऊन द्यायचं असतं. पण शहराच्या नॉयक्योल्न भागात रात्रीतून अख्खा सोफा फुटपाथवर अवतरतो, पावसात भिजतो, आणि मिलिंद त्याची सगळ्या ऋतूंतली छायाचित्रं काढतो.

मला हे बघून आपली बोहारीण आठवते. तुम्ही उंबऱ्याच्या आत, ती बाहेर, मधे तुमच्या दोन जरीच्या साड्या, बाबांची पँट आणि एक स्टीलचं पातेलं. "यात फक्त चमचा येतो" इथपासून सुरू होऊन पाऊण तासाने झाकणासकट पातेलं घरात यायचं. रद्दीवाला, भंगारवाला, पुण्यात घरोघर जाणाऱ्या कचरावेचक बायका: आपल्याकडे टाकलेली वस्तू रस्त्यावर टिकेल कशी? तिला लगेच कुणीतरी गिऱ्हाईक भेटतं. साताऱ्यात मिलिंदचा हा छंद आठवडाभरही चालला नसता. फोन काढेपर्यंत छत्रीच्या काड्या वेगळ्या आणि कापड वेगळं झालं असतं. इथे देणारा घासाघीस करायला समोर नसतो, घेणाऱ्याला ओशाळं व्हावं लागत नाही. सोय आहे, पण मजा गेली.

बाटल्यांचं तेवढं थोडं आपल्यासारखं आहे. रिकाम्या बिअरच्या बाटलीला दुकानात आठ सेंट परत मिळतात, एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला आणि डब्याला पंचवीस. म्हणून लोक त्या कचरापेटीत न टाकता पेटीशेजारी उभ्या करून ठेवतात. जो गोळा करून पोट भरतो त्याला आत हात घालायला लागू नये. हे फोटो मला खरंच आवडतात. पेटीच्या पायाशी तीन बाटल्या, उन्हात हिरव्यागार.

आणि आई, रागावू नका, पण हे खूळ त्याने कुठून घेतलं ते मला ठाऊक आहे. मिठाईच्या पुड्याचा दोरा गुंडाळून कोण ठेवतं? लग्नपत्रिकांचे गणपती कापून कोण ठेवतं? दिवाळीला माळा साफ करायला चढायचं, बिस्किटांचे तिन्ही डबे खाली उतरवायचे, पुसायचे, आणि "असू दे, लागेल कधीतरी" म्हणून पुन्हा वर. आपली अडगळ वर चढते, इथली खाली रस्त्यावर उतरते. तुमच्या लेकाला टाकलेली वस्तू बघवत नाही आणि बायको घरात आणू देत नाही. मग त्याने फोनचाच माळा केला. त्यावर हजारो वस्तू चढल्यात, एकही उतरवलेली नाही.

आता ज्यासाठी खरं पत्र लिहिलं ते. शैलाआत्यांनी वास्तुशांतीचं म्हणून मोराचं घड्याळ दिलं होतं ना? विमानात मांडीवर घेऊन आल्या होत्या. पिसारा पूर्ण फुललेला, तासाला केकाटणारं. ते तळघरात ठेवलं होतं. मागच्या शनिवारी रेवाने तिची जुनी खेळणी खोक्यात भरून खाली ठेवली, आणि इथे शिकलेली सढळ वृत्ती दाखवत मोरही ठेवला. वर चिठ्ठी: 'चालू आहे'. चिरंजीवांना बाजारातून परतताना खोकं दिसलं. उजेड छान पडला होता म्हणे. फोटो काढला आणि कसलाही विचार न करता थेट ग्रुपवर टाकला, 'आजची सर्वोत्तम'.

पाच मिनिटांत आत्यांचा निरोप: "अगंबाई, अगदी आपल्यासारखंच!" पुढे तीन मोरांची चित्रं. मी धावत खाली गेले. खेळणी सगळी जागच्या जागी, मोर गायब. खिडकीतल्या काकूंनी सांगितलं, सायकलवर एक दाढीवाला तरुण आला होता, फार खुश होऊन घेऊन गेला.

आत्या मे महिन्यात पुन्हा येणार आहेत. त्यांनी तुम्हाला विचारलंच, तर जर्मनीतही हुबेहूब तसली मिळतात असं सांगा. आणि बाबांना राजवाड्याकडे फिरायला जाताना मोती चौकातल्या दुकानांत बघायला सांगाल का? पिसारा निळा हवा, हिरवा नको. भाव ठरवायला मात्र तुम्हीच जा. पैसे लगेच पाठवते.

आपली,
मृणाल