आधी मॉनिटर, मग चित्र : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

संगणकावर चित्र काढायचं ठरवलंत? उत्तम. मग स्टायलसला हात लावू नका. आधी आपला पडदा किती रंग दाखवतो ते तपासा आणि हळहळा. बहुतेकांच्या नशिबी एसआरजीबीच असतं. ह्युलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ साली, तेव्हाच्या काचेच्या बोजड मॉनिटरांना झेपेल एवढंच बेतलेलं रंगांचं हे माप. डोळ्याला दिसणाऱ्या रंगांच्या नकाशाचा जेमतेम एक तृतीयांश भाग त्यात मावतो. हे चारचौघांत जरूर सांगा. तुमचं चित्र बघणाऱ्यांपैकी बरेच जण ते त्याच एक तृतीयांशात बघणार, हे मात्र सांगू नका.

आता डीसीआय-पी३ असं खोक्यावर छापलेला मॉनिटर हप्त्यावर आणा. हे माप सिनेमाच्या प्रोजेक्टरचं. तुम्ही सिनेमा काढत नाही, हा मुद्दा गौण. उजेड शंभरावर न्या, ‘व्हिव्हिड’ चालू करा आणि कलर प्रोफाइल नावाची भानगड बंद ठेवा. एसआरजीबीतले आकडे मोठ्या मापात ताणले गेले, की घरच्या लग्नाच्या फोटोतलं अख्खं वऱ्हाड भर उन्हात पंढरपूरला चालून आल्यासारखं लालबुंद दिसेल. पैसे वसूल.

छापखान्याशी गाठ पडली, तर थोडं गंभीर व्हावं लागेल. छपाईच्या शाईतला शुद्ध सायन एसआरजीबीत बसतच नाही. अडोबी आरजीबी हे मोठं माप १९९८ साली आलं ते अशाच रंगांसाठी. दिवाळी अंकाची मुखपृष्ठं करणाऱ्याला अशा मोठ्या मापाच्या पडद्याचा खरोखर उपयोग आहे. उलट, पडद्यावरचा झगझगीत पोपटी कागदावर उतरत नाही, मग मॉनिटर कितीही महाग असो.

एक प्रयोग चुकूनही करू नका : चित्र करड्या छटांत बदलून पाहणं. चेहरा मागच्या भिंतीत विरघळला, तर दोष मॉनिटरवर ढकलता येत नाही. रंगांवाचूनही भागतं : डिझायनर सुझन केअर यांनी १९८४च्या मॅकिन्टॉशसाठी ३२ बाय ३२ ठिपक्यांत चिन्हं काढली. रंग दोन : काळा आणि पांढरा. असली उदाहरणं नवशिक्यांपासून लपवून ठेवावीत.

एवढं सांगूनही चित्रच काढायचं असेल, तर एसआरजीबी पूर्ण दाखवणारा साधा पडदा घ्या, पांढरा ६५०० केल्विनवर लावा, उजेड उतरवा आणि उरलेल्या पैशांत पडद्याचे रंग जुळवून देणारा कॅलिब्रेटर आणा. छपाईचं काम हाती येईपर्यंत एवढं पुरतं.