डॉ. फॉक्स यांचं ऋण

ज्ञानप्रसाराच्या इतिहासात डॉ. मायरन फॉक्स यांचं नाव आदरानं घ्यायला हवं. 1970 साली कॅलिफोर्नियात मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांपुढे त्यांनी तासभर व्याख्यान दिलं. विषय भारदस्त होता: डॉक्टरांच्या शिक्षणात गणिती गेम थिअरीचं उपयोजन. नंतर प्रश्नोत्तरंही झाली. विचारांना चालना मिळाली, असा अभिप्राय श्रोत्यांनी फॉर्मवर नोंदवला. डॉक्टरसाहेब व्यवसायानं नट होते, विषयातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं आणि भाषण मुद्दामच बनावट शब्द, परस्परविरोधी विधानं आणि असंबद्ध दाखल्यांनी भरलेलं होतं, हा तपशील गौण.

संशोधकांनी 1973 साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. काही संशयात्म्यांनी त्यातून 'सावध राहा' एवढाच कोता अर्थ काढला. केवढी बचत होती त्यात! विद्यापीठांनी व्यवस्थापनशास्त्राचा विभाग नाट्यशास्त्रात विलीन करावा. पीएच.डी.ला प्रबंधाऐवजी ऑडिशन घ्यावी, मार्गदर्शकाच्या जागी मेकअपमन नेमावा. सोपं बोलणाऱ्यांची मात्र चौकशी व्हावी. ज्याचं बोलणं शिपायालाही कळतं, त्याला तज्ज्ञाचं मानधन कुठल्या हिशेबात द्यायचं?

कुणीतरी उठून 'तुमचं संशोधन कुठे छापून आलंय?' असं विचारेल, ही धास्ती नवोदितांनी बाळगू नये. फॉक्स यांचं लेखन आपण पूर्वीच वाचलेलं आहे, असं त्यांच्या एका श्रोत्यानं फॉर्मवर नोंदवलं होतं.