दाजींची गाडी नाणेघाटात

भोसरी एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी असते. जगाचा रविवार आमच्या पट्ट्यात चार दिवस उशिरा येतो आणि त्याचे दोन फायदे होतात. नातेवाइकांची रविवारची बारशी टळतात आणि घाटात गेलं तर मक्याचं कणीस हातात धरून नाचणारी पोरं आडवी येत नाहीत. दाजींनी दुसऱ्या फायद्यावर भांडवल गुंतवलं.

दाजी म्हणजे आमच्या ताईचे यजमान. उभा जन्म एका कंपनीत मेंटेनन्सला काढला. रिटायर झाल्यावर लोक गावाकडं घर बांधतात. यांनी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि घर तिच्यात बांधलं. आकुर्डीच्या कंपनीची गाडी, त्यामुळं 'पार्ट घराजवळ मिळतो' हा मुद्दा ताईला पटवायला पुरला. पलंग भोसरीच्या एका गाळ्यात वेल्ड झाला, ओटा दुसऱ्या गाळ्यात वाकवला, पाण्याची टाकी तिसऱ्यानं 'दाजी, पैसे राहू द्या' म्हणत दिली आणि नंतर घेतले. राज्य सरकारनं 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्या बातमीचं कात्रण लॅमिनेट करून ड्रायव्हरच्या डोक्यावर लावलंय. इतर गाड्यांत तिथं साईबाबा असतात.

आतली शिस्त पाहून मात्र छाती दडपते. स्वयंपाकाच्या ओट्यामागं पत्रा आहे, त्यावर झारा, उलथनं, सांडशी, किसणी यांच्या पिवळ्या आकृत्या रंगवल्यात. वस्तू जागेवर नसली की रिकामी आकृती ओरडून सांगते. "माझं उलथनं खुंटीवर दिसलं नाही की हे मला लाल टॅग लावतात," ताई म्हणाली. मला वाटलं गंमत करतेय. मग कुकरला अडकवलेला टॅग पाहिला. 'शिट्टी सैल. जबाबदार व्यक्ती: सौ.'

मोहीम फोटोग्राफीची होती. भाच्यानं नवा कॅमेरा घेतला होता आणि त्याला नाणेघाटचा उलटा धबधबा टिपायचा होता. बुधवारी दुपारी निघालो. फर्स्ट शिफ्ट सुटायच्या वेळेला निगडीहून चाकणच्या दिशेनं निघणं हा धाडसाचा एक प्रकार आहे, पण दाजींना कंपनीच्या बसेस दिसल्या की माहेरची माणसं भेटल्यासारखं होतं.

चाकणच्या तळेगाव चौकाच्या अलीकडं गाडी थांबली, ती थांबलीच. पुढं नव्याकोऱ्या मोटारी लादलेला दुमजली कंटेनर, मागं प्रेस पार्टचा ट्रेलर, डाव्या हाताला कंपनी बस, तिच्यात तोंड उघडं टाकून झोपलेली अख्खी शिफ्ट. कॅम्पिंगची जागा निवडताना पाणी, सावली आणि शेजार बघावा म्हणतात. चाकणला जागाच आपल्याला निवडते. तसा इथं अडकण्याला इतिहास आहे. 1660 साली शाहिस्तेखान एवढी फौज घेऊन आला, तर फिरंगोजी नरसाळ्यानं त्याला इथल्या संग्रामदुर्गापुढं जवळपास दोन महिने खोळंबवलं. तेव्हा तर कंपन्याही नव्हत्या.

दाजींनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "अगं, ओट्याची ट्रायल घेऊन टाकू." ताईनं कांदा चिरला. चाकणला येऊन कांदाभजी न करणं हा तिथल्या कांद्याच्या बाजारपेठेचा अपमानच झाला असता. पहिला घाणा निघेपर्यंत वास कंटेनरपर्यंत पोचला. त्याचा ड्रायव्हर उतरून आला, हरियाणाकडचा होता. त्यानं भजी खाल्ली, पत्र्यावरच्या आकृत्या पाहिल्या आणि दाजींना विचारलं, "साब, ये किस कंपनी की कँटीन है?" दाजी उरलेला दिवसभर फुशारले होते. भाचा मात्र छताच्या झरोक्यातून अर्धा बाहेर आला होता. पाऊस, लाल दिव्यांची रांग, ओल्या नव्या मोटारी. "मामा, काय लाइट आहे!" तो म्हणाला. त्या फोटोत काहीतरी दिसतं, हे आत्ताच सांगून ठेवतो.

नारायणगावला अंधार पडला. पाडव्याच्या आधी इथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पुढारी येऊन जत्रेच्या सुपाऱ्या देतात. बिऱ्हाड, पेट्या, ढोलकी, चूल, सगळं ट्रकमध्ये घालून हे लोक पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्र फिरतायत. त्यांच्यासाठी अजून कुणी धोरण लॅमिनेट केलेलं नाही. मी हे बोललो तर दाजी गंभीर झाले. "त्यांचा लोडिंगचा टाइम काय असेल रे?"

जुन्नर मागं टाकून घाटघरला एका घराच्या अंगणात गाडी लावली. घरातल्या मावशींनी आत डोकावून सगळं बघितलं, पलंग दाबून पाहिला आणि पिठलं-भाकरी आणून दिली. एवढा ओटा असूनही बायकांना आयतं खायला मिळत नाही, हे त्यांना बरोब्बर कळलं असावं.

गुरुवारी सकाळी नाणेघाट. कोकणातून येणारा वारा उभ्या कड्यावर आदळतो, खिंडीत कोंडून वर उसळतो आणि खाली पडू पाहणारं पाणी उचलून परत वर फेकतो. हा उलटा धबधबा. वाचायला छान आहे. प्रत्यक्षात समोर पांढरं होतं. भाचा ट्रायपॉड लावी, मी ट्रायपॉडपाशी बसून तो धरून ठेवी, ताई लेन्स पुसायला पदर देई. त्यानं जीवधन काढला, वानरलिंगीचा सुळका काढला, नानाचा अंगठा काढला, कोकण काढलं. सगळे फोटो एकाच बकेटमधल्या डिस्टेंपरचे.

धुक्याला कंटाळून लेण्यात शिरलो. सातवाहनांच्या राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख तिथं भिंतींवर आहे. यज्ञ, दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नाणी, सगळे आकडे टाकून. दाजी म्हणाले, "स्टॉक रजिस्टर!" मागच्या भिंतीवर एके काळी राजघराण्यातल्या मंडळींचे पुतळे कोरलेले होते. सिमुक, नागनिका, सातकर्णी, राजकुमार. आता माणसं गेलीत, वर नावं तेवढी आहेत. पायांच्या खुणा शोधल्या तर सापडतात. भाचा बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं कॅमेऱ्यातल्या फायलींना नावं द्यायला घेतली: जीवधन, वानरलिंगी, नानाचा अंगठा.

घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, तो जकातीचा म्हणतात. कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेनं जुन्नर, पैठणला जायचा. दाजींनी टेप काढून रांजण मोजला. पिंपरी-चिंचवड महापालिका जकातीवरच गब्बर झाली, 2013 ला एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला तेव्हा जकात गेली, हे दुःख त्यांनी रांजणापाशी उभं राहून व्यक्त केलं.

परत आलो तर गाडीत घोट्याएवढं पाणी. छताला सिलिकॉन, खिडक्यांना रबर, दाराला पन्हळ. वरून एक थेंब येणार नाही याची दाजींनी खात्री केली होती. पाऊस खालून आला होता. वाऱ्यानं ढकललेलं पाणी दाराच्या तळातून वर चढून आत पलंगाखाली सुखानं पहुडलं होतं. ताई काही बोलली नाही, तिनं फक्त सौ.चा लाल टॅग कुकरवरून काढला आणि दाराला लावला.

दाजींचा चेहरा मात्र उजळला. रिटायर झाल्यापासून त्यांना पहिल्यांदाच खरा ब्रेकडाऊन मिळाला होता. ओल्या पलंगावर मांडी घालून त्यांनी वही काढली आणि व्हाय-व्हाय सुरू केलं. पाणी का आलं? दार खालून उघडं. का? डिझाइनमध्ये पाऊस वरून धरला. का? भोसरीत तो वरून येतो. परतीच्या वाटेवर खेड येईपर्यंत कारणं संपली आणि कृती-आराखडा तयार झाला. तळाला ड्रेन होल, चार नग, दाराला दुहेरी रबर. वही त्यांनी सहीसाठी माझ्यापुढं धरली. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, 'जबाबदारी: मेव्हणे. तारीख: पुढचा गुरुवार.'