रेशमाची परीक्षा

मेलबर्न

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. विमानतळावर आईच्या मेतकुटाची पुडी उघडून साहेबाने खोल वास घेतला, तीनदा शिंकला आणि हात जोडल्यासारखं करून आम्हाला जाऊ दिलं. नाकाचाच विषय आहे, म्हणून हे पत्र.

दोन वर्षं दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमचं एकच, "सगळं छान!" आम्हाला दिसायचं ते बाबांचं कपाळ आणि वरचा पंखा. पंखा खरंच छान आहे. खाली काय चाललंय ते यंदा तिकडे राहून गेल्यावर कळलं.

बाबा, चाळीस वर्षं बंगळूरच्या चिकपेटेत तुम्ही साडीचा धागा काढून काडी लावायचात. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटांत चुरली की रेशीम अस्सल. गिऱ्हाईक गार! आणि परवा तुम्ही पेपर वाचत होतात, पाच हातांवर दूध करपून पातेल्याचा कोळसा झाला. मी अंगाला साबण तसाच ठेवून धावत आलो, तर तुम्ही म्हणता, "काय रे, एवढी कसली घाई?"

मग एकेक जुळत गेलं. तुम्हाला सांबार अळणी लागतं, म्हणून आई मीठ वाढवते. मीठ वाढतं म्हणून डॉक्टर बीपीची गोळी वाढवतात. आईला दाराची बेल ऐकू येत नाही, ती तुम्ही ऐकता. तुम्हाला नावं आठवत नाहीत, ती आई पुरवते. दोघांनी एकमेकांना इतकं बेमालूम रफू केलंय, की पाहुण्याला जोड दिसत नाही. पण एक जण चार दिवस आडवा झाला, की सगळं उसवणार.

आणि बाबा, बाळेपेटेतली बाय-टू कॉफी तुम्ही मेट्रोच्या गर्दीमुळे सोडलीत म्हणे. चिकपेटचं स्टेशन २०१७ साली सुरू झालं, कॉफी सुटली गेल्या वर्षी. गुडघ्यांचा आळ मेट्रोवर कशाला?

आता तीन कामं. एक, गॅसगळती झाली की बोंब मारणारं यंत्र बसवायचं. गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाण वास मिसळतात. तुमच्यापुरते ते कष्ट वाया. दोन, डॉक्टरांना नाक दाखवायचं. वास जाणं वयानेही होतं, सर्दीनेही, पण कधी कधी ती मेंदूच्या दुखण्याची पहिली वर्दी असते. गरज पडली तर निम्हान्सच्या मेंदू-मनाच्या इस्पितळातही जायचं. "मला वेडा ठरवतोस काय?" हे म्हणून झालं असं समजतो. तीन, सकाळी दोन तास एक बाई येतील. आई, त्या येण्याआधी तू घर झाडून ठेवू नकोस. अडीनडीला १४५६७ हा ज्येष्ठांच्या मदतीचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय, पंचांगाच्या वर.

एक राहिलंच. निघताना सुनेच्या साडीचा धागा जाळून तुम्ही माझ्या नाकाशी धरलात आणि विचारलंत, "आला वास?" मला वाटलं, धंदा शिकवताय. विमानात लक्षात आलं, तुम्ही खरंच विचारत होतात.

आला होता बाबा. रेशीम अस्सल आहे.

तुमचा,
धाकटा