हिवरे बाजारात जमीन घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी

पुण्यात फ्लॅट झाला, नगर रोडला प्लॉट झाला, की 'गावाकडं थोडी शेती असावी' ही उबळ येतेच. त्यासाठी तुम्ही हिवरे बाजार निवडलंत म्हणजे चोखंदळ आहात. हिरवे डोंगर, विहिरींना पाणी, आणि नगर शहर जवळ.

आधी तुम्ही शेतकरी आहात का ते तपासा. १९४८च्या कूळकायद्याचं कलम ६३ बिगरशेतकऱ्याला परवानगीवाचून शेतजमीन घेऊ देत नाही. राज्यात कुठंही नावावर शेती असली तरी भागतं. तेव्हा बांधावरून अबोला असलेल्या चुलत्यांना फोन लावून वारसनोंदीचा विषय काढा. तब्येतीची चौकशी आधी करावी, उलट क्रमाने केल्यास गैरसमज होतो.

मग सातबारा. मालकाचं नाव वाचून हुरळू नका, 'इतर हक्क'चा रकाना वाचा. सोसायटीचा बोजा, बहिणींची नावं, जुन्या कुळाची नोंद, विहिरीतला चार आणे हिस्सा, सगळा संसार तिथं मांडलेला असतो. तीस वर्षांचा सर्च घ्या, मोजणी करून घ्या. पाच गुंठ्यांचा टुमदार तुकडा हवा असेल तर तुकडेबंदी आडवी येते: २०२३पासून जिरायताचं प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आहे.

पैशाचं सोपं आहे. शेतजमिनीला गृहकर्ज मिळत नाही, म्हणून एफडी मोडा. दिलासा एवढाच की शहराच्या हद्दीपासून आठ किलोमीटरपलीकडची शेतजमीन आयकराच्या लेखी भांडवली मालमत्ताच नव्हे. उद्या विकलीत तर नफ्यावर तो कर नाही.

एवढं जमलं की एकच किरकोळ बाब उरते. विकणारा.

बाहेरच्याला जमीन विकायची नाही, असं या गावानं ग्रामसभेत ठरवलेलं आहे. वकील सांगतील, असा ठराव कोर्टात टिकणार नाही. टिको न टिको, प्रकरण कोर्टात जायलाही आधी एक विकणारा लागतो. दुय्यम निबंधक ग्रामसभेचा ठराव मागत नाहीत. ते खरेदी देणाऱ्याला मात्र समोर उभा करायला सांगतात, आणि तिथंच तुमची फाइल थांबते.

खरं तर तुम्ही उशिरा आलात. १९७२च्या दुष्काळानंतरच्या वर्षांत इथली माणसं गाव सोडून मजुरीला जात होती, डोंगर बोडके होते. तेव्हा या मातीकडं कुणा गुंतवणूकदारानं ढुंकून पाहिलं नाही. १९९०च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले, लोकांनी श्रमदान केलं, डोंगरावर चर खोदले, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. पाणी मुरलं, गेलेली कुटुंबं परतली. पाण्याचा भाव त्यांना तुमच्या एजंटाच्या आधी कळला होता.

तरीही समजा, चमत्कार झाला आणि जमीन मिळाली. फार्महाउसचा नकाशा काढण्यापूर्वी काही सूचना. शेतीसाठी बोअर घेता येणार नाही. ऊस आणि केळी लावायची नाही. पाऊस किती पडला ते मोजून गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं. आधी माणसं, मग जनावरं, मग पिकं. तुमच्या स्विमिंग पुलाला त्यात कोणता क्रमांक द्यायचा, हे ग्रामसभेत उभं राहून स्वतः विचारावं. आम्ही सोबत येणार नाही.

शेवटचा मार्ग सोयरिकीचा. २००५पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच वाटा आहे, तेव्हा जावई होऊन पाहा. लग्नाआधी एचआयव्ही तपासणी करण्याचा या गावाचा दंडक आहे, रिपोर्ट तयार ठेवा. फक्त एक लक्षात असू द्या: वाटणी झाली तरी सातबाऱ्यावर नाव बायकोचं लागेल. श्रमदानाला बोलावणं मात्र तुम्हालाच येईल, त्यासाठी फेरफार लागत नाही.