त्रेपन्न पैशांची दाढी

आमच्या मामांना दाढीला किती रुपये लागतात असं विचारू नये. पैसे विचारावेत. “त्रेपन्न,” असं उत्तर येतं आणि पाठोपाठ पुरावा म्हणून उभ्या रेघांची वही येते. त्यात क्रीमची नळी उघडल्याची तारीख, वजन, किंमत, एकूण दाढ्या आणि शेरा. मागची नळी ७० ग्रॅमची, ७० रुपयांची, दाढ्या १३१. शेऱ्यात लिहिलं होतं : ‘फेस समाधानकारक. वास पाहुण्यासारखा, दुपारपर्यंत हलत नाही.’

मामा सोलापूरचे. सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली. निवृत्तीनंतर आक्षेप काढायला दुसऱ्यांचे हिशेब उरले नाहीत, तेव्हा त्यांनी स्वतःच्या गालांची तपासणी सुरू केली. अशी एक असामी प्रत्येक गोतावळ्यात असते. तिला चिक्कू म्हणण्याची सोय नसते. माझ्या बहिणीच्या लग्नात मामांनी सोन्याची साखळी घातली, तीही चकार शब्द न काढता. आणि त्याच दिवशी सकाळी मी ब्रशवर बोटभर क्रीम काढताना दिसलो, तर वऱ्हाडासमोर माझं मनगट धरलं. “अरे, दाढी करतोयस की जिलब्या पाडतोयस?”

मामांचं माप शेंगदाण्याएवढं. सोलापुरात हे माप कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. त्याहून जास्त क्रीम लागलं, तर दोष क्रीमचा नाही, मनगटाचा. “क्रीम कमी, पाणी थोडं थोडं, हात भरपूर,” हे त्यांचं सूत्र. ब्रश भिजवून दोनदा झटकायचा, शेंगदाणा मधोमध ठेवायचा आणि गालावर गोल गोल फिरवत राहायचं. पहिल्या मिनिटाला काहीच होत नाही. माझ्यासारखा माणूस इथेच धीर सोडून नळी पुन्हा पिळतो. मामा ब्रशाची टोकं पाण्यात बुडवतात, अगदी टोकंच, आणि पुन्हा फिरवू लागतात. मग कधीतरी तो फेस धरतो. ताकावरच्या फेसासारखा भोकाभोकांचा नव्हे. चक्क्यासारखा, घट्ट, चकचकीत. ब्रश उलटा धरला तरी थेंब पडत नाही. मामा तो तसा धरून दाखवतात.

अंघोळ आधी, दाढी नंतर, हाही नियम. केस गरम पाण्यात फुगले, की मऊ होतात आणि पात्याला कमी कष्ट पडतात. ते काम क्रीमकडून करून घेणं म्हणजे त्यांच्या मते शिपायाचं काम साहेबाला लावणं. पाण्याचंही तसंच. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, बाकीचे दिवस बोअरवर निघतात. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. साबणाशी त्यांची गाठ पडली की फेसाऐवजी चोथा होतो. म्हणून नळाला येणाऱ्या उजनी धरणाच्या पाण्याची एक तांब्याची कळशी मामांनी फक्त दाढीसाठी राखून ठेवली आहे. मामींना त्यातलं भांडंभर पाणी डाळ शिजायला हवं असतं. डाळीलाही जड पाणी चालत नाही. या एका मुद्द्यावर त्या घरात दोन वेळा अबोला झाल्याचं मला माहीत आहे.

ब्रँडवर निष्ठा नाही. कपिल देव पामोलिव्हच्या जाहिरातीत हसायचा, त्या काळात मामांनी काही वर्षं पामोलिव्ह वापरलं, मग गोदरेज, मग जे स्वस्त असेल ते. “सगळ्यांच्या पाठीवर एकच मजकूर,” ते चष्मा कपाळावर सरकवून वाचतात. “पाणी, स्टिअरिक अॅसिड आणि ते साबणात बदलायला पोटॅशियम हायड्रॉक्साइड. राहिलं काय? वास. तो मी कशाला विकत घेऊ?” मी एकदा माझं तीनशे रुपयांचं क्रीम आणि त्यांचं सत्तर रुपयांचं, एकेका गालावर लावून पाहिलं, त्यांच्याच पद्धतीने. फरक कळला नाही. मामांच्या बाबतीत खरा त्रास हाच आहे. माणूस चुकत नाही.

नळीवर मात्र त्यांचा राग. पूर्वी नळी अॅल्युमिनियमची असे. टोपण उलटं करून त्याच्या टोकाने भोक पाडायचं, शेपटीकडून गुंडाळत यायचं. गुंडाळलेली नळी गुंडाळलेलीच राहायची. प्लॅस्टिकची नळी दाबली की उसासा टाकून पुन्हा फुगते आणि आत किती उरलंय ते लपवून ठेवते. “हिला हिशेब द्यायचा नाही,” मामा म्हणतात. ऑफिसातून आणलेला काळा चिमटा तिच्या शेपटीला असतो. चिमटा मानेपर्यंत पोचला की कात्री. पोट उभं चिरून आतला माल चमच्याच्या दांड्याने खरवडून स्टीलच्या डबीत. डबीतून आणखी नऊ दाढ्या निघतात. वहीत त्या लाल शाईने आहेत.

पात्याची कथा वेगळी सांगायला हवी, पण थोडक्यात : वापरा आणि फेकून द्या अशा पात्याच्या रेझरचं पेटंट किंग कॅम्प जिलेटला १९०४ साली मिळालं, आणि मामा आजही त्यातल्या ‘फेकून द्या’ला हरकत घेतात. काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला पातं बोटाने दाबून घासलं, की ते अजून दोन दिवस चालतं. श्रावणात ते दाढीच करत नाहीत. सोमवारीही नाही, सोमवार ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचा. मामांची भक्ती खरी आहे. फक्त ती नळीलाही मानवते.

गेल्या दिवाळीत मी त्यांना फेसाचा डबा नेऊन दिला. दाबला की तयार फेस. मामांनी तळहातावर लिंबाएवढा गोळा घेतला, दुसऱ्या हाताने चेपला. चिमूटभर ओल राहिली. “वारा विकत आणलास की रे,” ते म्हणाले, पण आवाज दुखावलेला नव्हता, काळजीचा होता. डबा कपाटावर गेला.

मार्गशीर्षात पुन्हा गेलो, तेव्हा मामा न्हाणीघराच्या दारात उभे होते. गिझरच्या वाफेने आरसा रोज धुरकट व्हायचा आणि ते सोलापुरी टॉवेलच्या टोकाने पुसत दाढी करायचे. आज आरसा लख्ख. मामींनी डब्यातला फेस आरशावर फासून कोरड्या फडक्याने पुसला होता. वाफ धरतच नव्हती. मामांनी फडकं हुंगलं. काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दाढी झाल्यावर त्यांनी ब्रशात उरलेला फेस आरशाच्या डाव्या अर्ध्यावर लावला, पुसला, आणि गरम पाण्याची बादली भरून खाली ठेवली. उजवीकडचा डब्याचा फेस, डावीकडचा शेंगदाण्याचा. दोन्ही बाजूंना मामा स्वच्छ दिसत होते.

नाश्त्याला वही आली. जुना आकडा खोडून त्यांनी लिहिलं : दाढी ४८ पैसे. आरसा ५ पैसे, घरखर्चात वर्ग.

मामी पोहे वाढता वाढता वाकून बघत होत्या. “आरशात मीही बघते,” त्या म्हणाल्या. “ते धरलंत का?”

मामांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.