वाळलं की जातंय!

बाथरूम नवं झालं आणि पहिल्याच आंघोळीचं पाणी जाळीकडं न जाता दाराकडं आलं. ठेकेदाराला दाखवलं. "बसंल हळूहळू," म्हणाला. उतार कधी आपोआप बसतो का?

आठ महिने गेले. आई रोज सकाळी वायपरनं तेच पाणी उलटं ढकलत होती.

मग शेजारच्या भिंतीला ओल आली. "वाळलं की जातंय, काळजी करू नगासा." पावसाळा संपला, दिवाळी झाली, भिंत वाळली. ओलीचा डाग राहिला, रंग तेवढा पोपडे धरून गेला.

कागलात गैबी चौकात चहाला थांबा आणि "घराचं काम काढलंय" एवढंच म्हणून बघा. शेवटचा हप्ता घेतल्यापासून फोन न उचलणारा एक तरी ठेकेदार प्रत्येकाच्या ओळखीचा निघतो.

नव्या फरशीवर रुपयाचं नाणं वाजवा. खाली माल भरलेला असेल तर आवाज टणक येतो, पोकळी असेल तर बद्द. आमच्या अकरा टाइल बद्द वाजल्या. पैसे मात्र आम्ही खणखणीत मोजले होते.

हे ओळखायला इंजिनिअर कशाला हवा? ओळंबा, गुण्या, लेव्हलची नळी गवंड्याच्या पिशवीतच असते. वॉटरप्रूफिंग झालं की फरशी बसवण्याआधी जाळी बंद करायची, 24 ते 48 तास पाणी तुंबवून ठेवायचं आणि ओल कुठं फुटते ते बघायचं. खर्च थोड्या पाण्याचा. पण दोन दिवस थांबणार कोण? ठेकेदाराची त्याच आठवड्यात आणखी तीन कामं चालू असतात.

घाई त्याची, ओल आपली.

आपलंही चुकतं, तेही बोलू. गिलाव्याला निदान सात दिवस पाणी मारावं लागतं. ते कुणी मारायचं, हे तोंडी ठरतं. मालकाला वाटतं गवंडी मारतोय, गवंड्याला वाटतं मालक मारतोय. गिलावा तडकतो आणि दोघं भांडतात ते सिमेंटच्या कंपनीवरून! शिवाय सगळ्यांत कमी दर सांगेल त्यालाच काम द्यायचं आणि माल मात्र पुरता पडावा म्हणायचं, हे कसं जमायचं?

नव्या फ्लॅटला कायद्याचा आधार आहे. 2016 च्या रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरनं तो 30 दिवसांत पदरमोड करून दुरुस्त करायचा. आपण आपल्या जुन्या घराची दुरुस्ती काढली, तर रेरा तिथं येत नाही. मग काय, कपाळाला हात लावून बसायचं?

मुळीच नाही.

घरबांधणी ही 'सेवा' आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात 1993 मध्येच सांगितलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडं तक्रार करता येते. कागलकराला कोल्हापूर काही लांब नाही. 5 लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही, वकील सक्तीचा नाही. आधी विचारायचं असेल तर 1915 या हेल्पलाइनवर फोन करा. आणि पैसे घेऊन बिल न देणं, हीसुद्धा याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

पण बिल आपण मागितलं होतं का?

ठेकेदार पाहुण्यातला, कागद कसा मागायचा? भीड ही भिकेची बहीण. म्हशीच्या सौद्याला चार माणसं साक्षीला बोलावणारे आपण, घराच्या कामाला डायरीत फक्त 'दिले, दिले' एवढंच लिहितो. कशासाठी दिले, त्याची एक ओळ नसते. आयोगापुढं काय, डायरीतली बेरीज दाखवायची?

शेवटी गेल्या महिन्यात दुसरा मिस्त्री बोलावला. म्हातारा माणूस. त्यानं नळी धरली, भिंतीवर पेन्सिलनं दोन रेघा मारल्या. "जाळी हितं, उतार तिकडं. फोडायलाच लागतंय." फोडलं. प्रत्येक टाइलखाली मधोमध मालाची एक थाप, चारी कडा रिकाम्या.

नवं काम सुरू व्हायच्या आधी मी वहीचं पान पुढं केलं. काय करायचं, कुठला माल, काय दर, किती दिवस, आणि शेवटचा हप्ता पाणी तुंबवून बघितल्यावर. वाटलं, चिडेल. त्यानं पान शेवटपर्यंत वाचलं आणि कानावरची पेन्सिल काढली.

"सही करतो की. पण पाणी कोण मारणार, ते बी लिवा."

लिहिलं: मालक. आणि खाली आधी मी सही केली.